अभ्यासिकेत कोण वाचतं?

बारावीचा निकाल लागला की घाटकोपरच्या डोंगरावरच्या त्या वस्तीत दरवर्षी एकच धावपळ उडायची. फ्लेक्स छापायचा, स्पीकर ठरवायचा, गुलाबाची फुलं आणि भिंतीवरची घड्याळं आणायची, कुणी पाहुणा मिळतो का ते बघायचं. मित्रमंडळाचा सेक्रेटरी हर्षद पेडणेकर या कामात वाकबगार होता. दिवसा अंधेरीच्या एका कुरियर ऑफिसात नोकरी, संध्याकाळी मंडळ. 'गुणवंतांचा भव्य सत्कार' असा फ्लेक्स गल्लीच्या तोंडाशी चढला की त्याला आपणच पास झाल्यासारखं वाटायचं.

सत्कार झाला की मंडळ मोकळं. फ्लेक्स उतरवून कुणीतरी पावसाआधी आपल्या पत्र्यावर ताणायला घेऊन जाई. आणि पोरं? ती पुढे काय करतात हे विचारायची पद्धतच नव्हती. दिसली तर दिसली, नाहीतर गेली असतील कुठेतरी कॉलेजला!

त्या वर्षी थंडी सुरू झाली आणि मंडळाच्या अभ्यासिकेत भलतंच काहीतरी घडू लागलं.

अभ्यासिका म्हणजे डोंगराच्या अगदी वरच्या अंगाला, संरक्षक भिंतीला टेकून बांधलेली एक लांबट खोली. दोन बाकांच्या रांगा, एक फळा, पुस्तकांचं कपाट. दुपारी ती बंद असायची. पुरुष कामावर, बाया कामावर, पोरं शाळा-कॉलेजात. वरच्या गल्लीत कुत्रंही नसायचं. अशा भर दुपारी बंद खोलीतून वाचनाचा आवाज येतो, असं पहिल्यांदा पाणी सोडणारा माणूस म्हणाला. मुलीचा आवाज. हळू, एकसुरी, एकच ओळ पुन्हा पुन्हा. त्यानं कडी वाजवली तर आवाज थांबला. तो दोन पावलं गेला तर पुन्हा सुरू झाला.

कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग फळ्याचं सुरू झालं. संध्याकाळी पोरं एखादं गणित अर्धवट सोडून घरी जायची. दुसऱ्या दिवशी दार उघडावं तर ते खाली पूर्ण सोडवलेलं. नेटकं, एका रेषेत, उत्तराभोवती चौकोन.

बारावीतली अपूर्वा एकदा फळ्यासमोर उभी राहिली ती हललीच नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"हर्षददादा, हे अक्षर मला माहितीय," ती म्हणाली. "सात लिहिताना मध्ये आडवी रेघ फक्त श्रुतिकाताई मारायची. मला तिनंच शिकवलं होतं ना गणित!"

श्रुतिका घाडीगावकर ही मागच्या सत्काराची पहिली आलेली मुलगी. आणि श्रुतिका गेली, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून पोरं यायची बंद झाली. पालकांनीच बंद केली. मंगळवारी आणि शुक्रवारी आवाज येतो, म्हणजे देवीच्या वारीच, असंही कुणीतरी जोडून दिलं. वाट लागली! मंडळाला बैठक घ्यावी लागली.

बैठकीत काशीराम राऊळ पहिले बोलले. मिल बंद पडल्यावर वस्तीत आलेले, मंडळातले सगळ्यात जुने गृहस्थ. ते घसा खाकरून म्हणाले, "मी काय सांगतंय ऐका. पोरगी अभ्यासाची येडी. तिचो जीव त्या पुस्तकांत अडाकलो, म्हणान थंयच घुटमळता. नारळ ठेवून गाऱ्हाणा घालूक होया."

माना डोलल्या. हर्षदचा भुताबितांवर विश्वास नव्हता. पण त्यानंही मान हलवली. नारळ फोडून प्रकरण मिटत असेल तर बरंच की!

"मला एक विचारायचंय," मागून आवाज आला. अनुपमाबाई कर्णिक उठल्या होत्या. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, पंतनगरला राहणाऱ्या. यंदापासूनच त्या अभ्यासिकेत शिकवायला येत होत्या, त्यामुळे श्रुतिकेला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "ही मुलगी कशानं गेली?"

कुणी घड्याळाकडे बघू लागलं, कुणी चपलांकडे.

"बरं, तिच्या घरी भेटायला कोण कोण गेलं होतं?"

"ते खोली सोडून गेले ना, बाई," हर्षद म्हणाला. "पावसाळ्यात. तिच्या वडिलांना, सीतारामकाकांना अर्धांगाचा झटका आला होता. मग घर चालेना, खोली गेली, आणि मग... कळलं की श्रुतिका गेली."

"कुणाकडून कळलं?"

एकानं दुसऱ्याकडे बघितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. फिरत फिरत नजर काशीरामांच्या सुनेवर येऊन थांबली. ती पदर चाचपत म्हणाली, "ते खोली सोडायच्या आधी मी नळावर विचारलं होतं तिच्या आईला, माणिकवहिनींना, श्रुतिका दिसत नाही ती. तर त्या रडायला लागल्या आणि म्हणाल्या, 'गेली.' पुढे त्यांच्याच्यानं बोलवेना. मग मी पण नाही विचारलं."

"एवढंच?" बाईंचा आवाज चढला नाही, पण खोली गार पडल्यासारखी झाली. "एक शब्द ऐकलात आणि मुलीला पोचवून मोकळे झालात? तेराव्याला कुणी गेलं नाही, फोन कुणी केला नाही! अहो, तुम्ही भुताला घाबरता. आपल्यातल्या एका मुलीचं काय झालं हे आपल्याला माहीत नाही, याची नाही भीती वाटत तुम्हाला?"

हर्षद त्या रात्री नीट झोपला नाही. मंगळवारी त्यानं ऑफिसात अर्धी रजा टाकली आणि दुपारी एकटाच डोंगर चढू लागला.

ऊन होतं, पण वरच्या गल्लीत हवा हलत नव्हती. पायऱ्या चढताना तो सहज वळला आणि जागच्या जागी थबकला. खाली वस्तीची छपरं पसरली होती, आणि त्या छपरांवरून चेहरे वर बघत होते. कितीतरी वर्षांच्या सत्कारांचे फ्लेक्स! पत्र्यावर ताणलेले, विटांनी दाबलेले. कुणाचे ओठ उन्हानं उडालेले, कुणाच्या कपाळावर टायर ठेवलेला. एका छपरावर श्रुतिका होती. रंग उडून तिचे डोळे पांढरे झाले होते. हे सगळे फोटो त्यानंच घरोघर जाऊन गोळा केले होते. यातला कुठला मुलगा आता कुठे आहे, हे सांगता येईल? तो आठवू लागला. त्याला एकाचंही सांगता येईना.

आणि तेवढ्यात वरून तो आवाज आला.

हळू. एकसुरी. कुठलीतरी व्याख्या, इंग्रजीत. अर्ध्यावर अडखळायची, पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू व्हायची. हर्षदच्या अंगावर सर्रकन काटा आला. परत फिरावं असं पायांना वाटत होतं. तो तसाच वर गेला, दाराला कान लावला. आवाज थेट दारापलीकडे होता. त्यानं लॅचमध्ये किल्ली घातली. आणि आवाज तुटला.

दार उघडलं. आत खिडक्या बंद, फटींतून येईल तेवढाच उजेड. डोळे सरावले तेव्हा शेवटच्या बाकावर कुणीतरी बसलेलं दिसलं. डोक्यावरून ओढणी. चेहरा राखेसारखा करडा, भुवया करड्या, पापण्यासुद्धा करड्या. त्या करड्या चेहऱ्यातले दोन डोळे त्याच्याकडे बघत होते.

हर्षदचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला.

"दादा, लाईट नका लावू," ती म्हणाली. "बाहेरून दिसतं."

त्यानं बाकाचा आधार घेतला. "श्रुतिका? तू... तू तर..."

"मी काय?"

"लोक म्हणतात, तू गेलीस."

ती हसली. ते हसणं रडण्यापेक्षा वाईट होतं. "गेले खरी."

"कुठे?"

"साकीनाक्याला!"

तिनं ओढणीच्या टोकानं गाल पुसला, तेव्हा करड्याखालून माणसाच्या कातडीची एक पट्टी उघडी पडली. नळांना पॉलिश करायच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती. मशीनवर नळ घासले जात आणि ती पूड दिवसभर उडत राही. मंगळवारी अर्धा दिवस असे. पूर्वी सकाळी अभ्यासिका तीच उघडायची, म्हणून मंडळानंच दिलेली किल्ली तिच्याकडे राहून गेली होती. कारखान्यातून सुटली की मागच्या वाटेनं ती इथे यायची, वाचायची आणि पोरं यायच्या आत निघून जायची.

"घरी अभ्यासाला जागा नाही, दादा. एकच खाट, तिच्यावर बाबा. कुणी विचारलंच तर आई सांगते की मी गावाला कॉलेजात आहे. मग दिवसाढवळ्या कशी येणार इथे? आणि फळ्यावर गणित अर्धं राहिलेलं मला बघवत नाही." मग ती थांबली. "पण थांबा. मी मेले असं सगळ्यांना वाटलं? आणि तरी कुणी घरी आलं नाही?"

हर्षदनं मान खाली घातली. तो म्हणाला, "तू मला का नाही सांगितलंस गं?"

"काय सांगू? सत्काराच्या दिवशी पाहुणे म्हणाले, इंजिनिअर हो! तुम्ही म्हणालात, इंजिनिअर हो! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कसं होऊ, ते कुणी सांगितलंच नाही. चुलतभाऊ म्हणाला, लाखभर फी असते. बाबा पडलेले. मग मी विचारायचंच सोडून दिलं."

मग काहीतरी बोलायचं म्हणून हर्षद म्हणाला, "बरं झालं उलगडलं. पोरं घाबरली होती. मंगळवारी, शुक्रवारी आवाज यायचा ना तुझा."

श्रुतिकेनं चमकून वर पाहिलं. "शुक्रवारी?"

"हो ना."

"शुक्रवारी आम्हाला ओव्हरटाइम असतो, दादा. शुक्रवारी मी एकदाही आलेले नाही."

बंद खोलीत कपाटाची काच उगीचच थरथरल्यासारखी वाटली. दोघंही एकदम उठले आणि बाहेर उन्हात आले.

हर्षदनं अनुपमाबाईंना फोन केला. त्या लगेच रिक्षानं आल्या आणि तिघं श्रुतिकेच्या साकीनाक्याच्या खोलीवर गेली. वर्कशॉपच्या रांगेमागे, माळ्यावरची खोली. खाली यंत्रं धडधडत होती आणि वर भांडी बारीक किणकिणत होती. दारात माणिक उभी राहिली, श्रुतिकेची आई. हर्षदला पाहताच ती घाईघाईनं म्हणाली, "श्रुतिका गावाक आसा हो. कुडाळाक. कॉलेजात..."

आणि हर्षदच्या पाठीमागून श्रुतिका पुढे आली. माणिकनं तोंडावर पदर घेतला.

बाई आत जाऊन जमिनीवरच बसल्या. खाटेवरच्या सीतारामांना त्यांनी नमस्कार केला. मग सरळ मुद्द्यावर आल्या. "मुलगी हुशार आहे, प्रवेश परीक्षा पुन्हा देता येईल. अर्ज सुरू होताहेत. फीचं बघता येईल. शिष्यवृत्त्या आहेत."

"नको, बाई." माणिक ताठ झाली. "धर्माचा पैसा नको आमका. इतकी वर्षं मुंबयत काढली, घाडीगावकरांनी कोणासमोर हात पसरूक नाय. लोक काय म्हणतीत? पोरीक भीक मागून शिकवल्यानी!"

"माणिकताई, तुमच्या गावात सार्वजनिक विहीर आहे?"

"आसा ना."

"तिचं पाणी भरताना कधी लाज वाटली?"

"लाज कित्याक? गावान मिळून खणलेली ती."

"मग ही पण सगळ्यांनी मिळून खणलेली विहीरच आहे!" बाई म्हणाल्या. "तुम्ही साबणाची वडी घेता, तिच्यावरही कर भरता. तुमच्या नवऱ्यानं जन्मभर घाम गाळला, त्याचा थेंब आहे त्या विहिरीत. कुठल्या ट्रस्टनं दिलं तर तेही कुणीतरी मुलांसाठीच ठेवलेलं असतं. त्यात भीक कसली? उत्पन्न मर्यादेत असेल आणि बाकीच्या अटी बसत असतील, तर आज कितीतरी अभ्यासक्रमांना मुलींची शिकवणी फी माफ होते. फक्त एक आहे. विहीर गावाची असली तरी दोर आपला न्यावा लागतो."

"दोर?" श्रुतिकेनं विचारलं.

"दाखले, बाळ. उत्पन्नाचा, अधिवासाचा, लागू असेल तर जातीचा. ते निकालानंतर पळापळ करून होत नाहीत, आधी काढून ठेवायचे. बँकेचं खातं आधारला जोडायचं. प्रवेश सरकारी फेऱ्यांतूनच घ्यायचा, बाहेरून घेतला तर सवलत जाते. मुलांची तारीख चुकते ती आळसानं नव्हे. कुणी सांगतच नाही म्हणून! आणि जो पैसे घेऊन 'काम करून देतो' म्हणेल, त्याला दारात उभं करायचं नाही."

खाटेवरून एक घोगरा, तुटका आवाज आला. सीताराम बोलायचा प्रयत्न करत होते. मुलीकडे बघत, अर्ध्या तोंडानं, कितीतरी वेळ घेऊन ते एवढंच म्हणाले. "जा...उं...दे."

माणिक आधी नवऱ्याकडे बघत राहिली, मग मुलीकडे. तिनं पुढे होऊन पदरानं श्रुतिकेच्या कपाळावरची पूड पुसली आणि तिथेच रडू लागली.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी श्रुतिकेच्या पगाराचा कागद लागणार होता. तो आणायला हर्षद दोन दिवसांनी कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. तिन्हीसांजेची वेळ होती. भोंगा झाला आणि आतून माणसं बाहेर पडू लागली. सगळी करडी. करडे केस, करडे ओठ, खाली घातलेल्या माना. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, चपलांचा आवाजसुद्धा पुडीत दबत होता. आणि एकाएकी हर्षद निरखून बघू लागला. या मुलाला आपण ओळखतो! मागे दोन वर्षांपूर्वी याच्याच गळ्यात हार घातला होता. ती मागची मुलगी? तिलाही. ते सत्कारातले चेहरेच रांगेनं त्याच्या अंगावरून चालले होते, आणि त्याच्याकडे कुणीही बघत नव्हतं.

"ओजस!" तो ओरडला.

रांगेतला एक मुलगा थांबला. सावकाश वळला. "हळू, दादा," तो म्हणाला. "इथे मला ओजस म्हणत नाहीत. तीन नंबर मशीन आहे ना माझं, म्हणून तीन नंबर म्हणतात. कितीतरी दिवसांनी कुणी नाव घेतलं."

"शुक्रवारी तू अभ्यासिकेत येतोस का रे?"

"माझ्याकडे कुठे किल्ली आहे?"

शुक्रवारी तिथे कोण वाचत असे, हे पुढे कधीच कळलं नाही. हर्षदनं मात्र एवढं ठरवलं, की ज्यांचा पत्ता लागत नाही अशा एकेका मुलाचं दार ठोठावायचं.

मंडळाची बैठक पुन्हा बसली. हर्षदनं पाहिलेलं सगळं सांगितलं, काही न लपवता. काशीराम काठी टेकून उठले. मग म्हणाले, "नारळ आणा. गाऱ्हाणा मी घालतलंय." अभ्यासिकेच्या दारात नारळ ठेवून त्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या वस्तीत जित्या पोरांका आम्ही मेलेली समाजलंव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"त्यांची आठवण आमका ऱ्हवली नाय, म्हाराजा! ती चूक पदरात घे, आणि ह्या पुढे कोणाचाय पोर हरावलां तर आमच्या डोळ्याक झोप लागू देव नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्या रविवारपासून अभ्यासिकेत बाई आणि हर्षद बसू लागले. मुलांना अकरावीतच आईबापांसकट बोलवायचं, कुठली शिष्यवृत्ती कुणाला बसते ते समजावायचं, दाखल्यांच्या रांगेत स्वतः बरोबर उभं राहायचं. सगळं सुरळीत झालं असं नाही. एका मुलाकडे हर्षद तीनदा गेला, त्यानं दार उघडलं नाही. एकीचं लग्न झालेलं होतं. ओजस मात्र आला. काम सांभाळून शिकता येईल असा डिप्लोमा त्यानं धरला.

श्रुतिकेनं प्रवेश परीक्षा पुन्हा दिली. सरकारी फेरीतून तिला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. शिकवणी फी माफ झाली, वरच्या खर्चाला एका ट्रस्टनं मुलाखत घेऊन हातभार लावला, आणि माणिकनं पोळीभाजी केंद्रात काम धरलं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी श्रुतिका मुद्दाम जुन्या वस्तीतून, मधल्या गल्लीतून, भर सकाळी, तोंड न झाकता चालत गेली. बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. काशीरामांच्या सुनेनं पुढे होऊन तिचा हात धरला, घट्ट. जणू तो खरंच उबदार आहे की नाही हे तिला पाहायचं होतं.

"आहे गं वहिनी, आहे मी!" श्रुतिका म्हणाली.

वाचकहो, तुमच्या इमारतीत जिने झाडणाऱ्या काकांचं, पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचं, रात्रपाळीच्या वॉचमनचं एखादं मूल यंदा दहावी-बारावीत असेल. त्याला किती टक्के पडले हे तर विचाराच. पण पुढे काय, कसं, कागद तयार आहेत का, हेही आजच विचारा. माहीत असेल ते सांगा, नसेल तर शोधून सांगा. शिष्यवृत्ती हा उपकार नव्हे, तो त्या मुलाचा हक्क आहे, आणि त्या हक्काची वाट दाखवणं हे आपलं काम आहे. मेलेल्यांचं भय कशाला बाळगायचं? भय बाळगावं ते आपल्या डोळ्यांदेखत, जिवंतपणी, एकेक करून दिसेनाशा होणाऱ्या मुलांचं!